चाकाखालचे प्रश्न : रोजच्या रस्त्याला आणि ट्रॅकला एकच टायर चालतो का?

या वेळी टायरचीच पत्रं जास्त आलीत. पहिलं पत्र मोठं आहे पण त्यातला प्रश्न बऱ्याच जणांचा आहे, म्हणून उत्तरही मोठं दिलंय.

प्रश्न : दादा, माझ्याकडं २०१४ ची ऑक्टाव्हिया आहे, आपल्या शेंद्र्यातच तयार झालेली. रोज वाळूजला कामाला जाणं-येणं, महिन्यातून एकदा गावाकडं परळीला. आम्ही तिघं मित्र हिवाळ्यात कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेला ट्रॅक डेसाठी, म्हणजे आपलीच गाडी रेस ट्रॅकवर पळवायला, जायचं म्हणायलोत. टायर २०५/५५ आर १६ आहेत आणि गोटा व्हायला आलेत, म्हणजे नवीन घ्यायचेच आहेत. दुकानदार म्हणतो १८ इंची अलॉय रिम टाका, मित्र म्हणतो सेमी-स्लिक घे, वडील म्हणतात कंपनीचेच टाक. मला एकाच सेटमध्ये दोन्ही पाहिजे, काय घेऊ? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : भाऊ, टायरचं नाव नंतर बघू, आधी हिशोब करा. कारीचा ट्रॅक साधारण २.१ किलोमीटरचा. दिवसभरात चार सेशन मिळाले आणि एकेकात बारा लॅप (फेऱ्या) धरले तरी होतात शंभरेक किलोमीटर. आणि तिथं जायचं कसं, तर बीड, धाराशिव, सोलापूर करत बंगळूरूवरून, एका बाजूनं बाराशेच्या वर. म्हणजे शंभर किलोमीटर ट्रॅकसाठी त्याच टायरवर अडीच हजार किलोमीटर हायवे, आणि घरी आल्यावर वर्षभर वाळूजचे खड्डे, परळीच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, ट्रॅक्टरनं शेतातून आणून टाकलेली काळी माती. त्या मातीवर पहिल्या पावसाचं पाणी पडलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. टायर निवडायचा तो या सगळ्याचा विचार करून, त्या एका दिवसापुरता नाही.

म्हणून सेमी-स्लिक या कामाला नाही. तो वाईट टायर आहे असं नाही, रस्त्यावर चालणाऱ्या टायरमध्ये कोरड्या ट्रॅकवर त्याच्यासारखी पकड दुसरा देत नाही, पण त्याच्यावर नक्षी कमी, पाणी बाहेर फेकायला खाचा कमी, रबर मऊ, आणि गरम झाल्याशिवाय तो नीट धरतच नाही. सकाळी सातला थंड टायरवर घरातून निघालात आणि चौकात रिक्षा आडवी आली तर त्या वेळी तो तुमच्या कामाचा नाही. पावसात रस्त्यावर पाणी साचलेलं असलं तर गाडी पाण्यावर तरंगायला लागते, स्टिअरिंग हलकं होतं आणि मग ब्रेक दाबून पण उपयोग नसतो. दुसरा रिमचा सेट ठेवायला जागा आणि पैसा असेल, ट्रॅकवर जाऊन टायर बदलायची तयारी असेल, तरच तो घ्या.

तुमच्या कामाचा प्रकार म्हणजे परफॉर्मन्स समर टायर (समर म्हणजे बर्फासाठी नसलेला, पावसातही चालतो), मिशलिनचा पायलट स्पोर्ट ४ किंवा काँटिनेंटलचा मॅक्सकाँटॅक्ट एमसी ६ या जातीचा. तुमच्या साईजमध्ये कोणता ताज्या तारखेचा मिळतोय त्यावर शेवटचं ठरवा. ओळखायची एक खूण सांगतो, बऱ्याच टायरच्या साईडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, ट्रेडवेअर म्हणून एक आकडा असतो. रोजच्या आरामाच्या टायरवर तो ४०० च्या पुढं दिसतो, मी म्हणतो त्या प्रकारात ३०० च्या आसपास, आणि ट्रॅककडं झुकलेल्या टायरवर २०० किंवा कमी, जसं ब्रिजस्टोनच्या पोटेन्झा आरई-७१आरएसवर २०० आहे. आकडा लहान म्हणजे रबर मऊ आणि झीज लवकर. पण याच्यावर डोळे झाकून जाऊ नका, कारण ही टेस्ट अमेरिकेत टेक्सासच्या रस्त्यांवर ७,२०० मैल गाडी चालवून होते आणि आकडा शेवटी कंपनी स्वतःच लावते, त्यामुळं एका कंपनीचा ३०० आणि दुसऱ्या कंपनीचा ३०० एकसारखाच असेल असं नाही. एकाच कंपनीचे दोन टायर ताडून बघायला मात्र तो चांगला.

त्याच्या शेजारी ट्रॅक्शन (ओल्या रस्त्यावरची पकड) आणि टेम्परेचर (उष्णता सोसायची ताकद) यांची अक्षरं असतात. लोक ट्रॅक्शन बघतात आणि टेम्परेचर सोडून देतात, आणि आपल्याकडं उलटं व्हायला पाहिजे. मे महिन्यात परभणी-नांदेडला हवाच ४३-४४ वर जाते, रस्ता तर त्याहून कितीतरी गरम असतो. टेम्परेचर ए असलेलाच टायर घ्या.

आता साईजचं. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रबराची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि शेवटचा रिम किती इंची. १८ चा नाद सोडा. तुमच्या २०५/५५ आर १६ चा पूर्ण व्यास येतो ६३२ मिलिमीटर आणि रिमपासून जमिनीपर्यंत रबर सव्वाअकरा सेंटिमीटर. २२५/४५ आर १७ घेतला तर व्यास ६३४, म्हणजे स्पीडोमीटरला फरकच पडत नाही, आणि रबर दहा सेंटिमीटर राहतं. २२५/४० आर १८ घेतला की रबर उरतं फक्त नऊ सेंटिमीटर. आपल्याकडचा खड्डा पावसात पाण्यानं भरलेला असतो, दिसत नाही, आणि नऊ सेंटिमीटरच्या रबराला एक जोराचा दणका म्हणजे साईडवॉलला फुगा आणि रिमला बाक. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकूनच द्यावा लागतो, आणि ट्रॅकवर तर तो चुकूनही नेऊ नये. माझं मत विचाराल तर १७ पर्यंत जा, आणि अलॉयचा खर्च करायचा नसेल तर १६ वरच चांगला टायर घ्या, वाचलेल्या पैशात ब्रेक ऑइल बदला आणि ब्रेक पॅड बघून घ्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, ट्रॅकवर ते उकळतं आणि पेडल खाली जातं. टायर कितीही भारी असला तरी तिथं त्याचा उपयोग नाही.

साईजच्या पुढं ९१ व्ही असं लिहिलेलं असतं. ९१ म्हणजे एक टायर ६१५ किलो वजन पेलतो आणि व्ही म्हणजे २४० च्या स्पीडपर्यंत चालतो. नवीन टायर याच्यापेक्षा कमी आकड्याचा घेऊ नका, दुकानदार स्वस्तात एच किंवा टी दाखवेल, नाही म्हणा. १७ मध्ये ९४ डब्ल्यू एक्सएल (एक्स्ट्रा लोड, म्हणजे जास्त वजन पेलणारा) मिळाला तर उत्तम, त्याची साईडवॉल जरा दणकट असते.

आता हवा, आणि हा भाग नीट वाचा कारण ट्रॅकवर जाणारे बहुतेक जण इथंच चुकतात. टायर गरम झाला की आतली हवा फुगते, दर ५-६ डिग्रीला साधारण १ पीएसआय वाढतो. तुम्ही थंड टायरमध्ये ३३ हवा भरून ट्रॅकवर उतरलात की पाच-सहा लॅपमध्ये ती ४० च्या पुढं जाते, मग टायर मधून फुगतो, जमिनीला कमी टेकतो आणि गाडी पुढून सरळ घसरायला लागते. माणसाला वाटतं टायरच खराब आहे. म्हणून स्वतःचा गेज न्या, पहिलं सेशन निवांत मारा, ट्रॅकवरून बाहेर आल्या आल्या चारही टायरची गरम हवा मोजा आणि ३५-३६ पर्यंत सोडा. साईडवॉलच्या कडेवर खडूनं रेघा मारून ठेवा, बाहेर आल्यावर रेघ कुठपर्यंत पुसलीय ते बघा. नक्षीच्या कडेला लहान त्रिकोणाची खूण असते, तिच्याही खाली घासलं असेल तर हवा कमी आहे, टायर लोळतोय. तिच्यापर्यंत पोचलंच नसेल तर हवा जास्त आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. ट्रॅकवर सोडलेली हवा परत भरल्याशिवाय घरी निघू नका. संध्याकाळी टायर थंड झाला की ती ३६ ची २८ च्या आसपास होते, गाडीत तिघं जण, मागं बॅगा, आणि बाराशे किलोमीटर. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीला दबतो-सुटतो, आतून तापत जातो आणि हायवेला फुटतो. ओळखीच्या एका ग्रुपमधल्या गाडीचा टायर असाच परतीला फुटला. गाडी दुभाजकाला घासून थांबली, माणसं वाचली. दिवसभर ट्रॅकवर काही झालं नाही, झालं ते घरी येताना.

नवे टायर बसवल्यावर सरळ ट्रॅकवर पण जाऊ नका. साच्यातून काढताना लागलेला गुळगुळीत थर जायला दोन-तीनशे किलोमीटर लागतात. पूर्ण उंचीची नक्षी ट्रॅकवर हलत राहते आणि तापून तिचे तुकडे पण निघतात, म्हणून थोडा वापरलेला टायर ट्रॅकला बरा. पण वापरलेला म्हणजे जुना नाही. मी माझ्या पहिल्या ट्रॅक डेला सहा वर्षांच्या टायरवर गेलो होतो, नक्षी भरपूर होती म्हणून निर्धास्त होतो, आणि तिसऱ्या सेशनला पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेनं रबराचे लचके निघाले. पुढचं सेशन सोडून दिलं आणि मित्राच्या गाडीत बसून परत आलो.

प्रश्न : ट्रॅक लांब पडतो, तोपर्यंत नवीन टायरची ग्रिप समृद्धीवर चेक केली तर चालेल का? रस्ता एकदम मोकळा असतो. — एक वाचक, जालना

उत्तर : नाही चालणार. तिथं कारला १२० ची लिमिट आहे आणि शेजारच्या लेनमध्ये लग्नाला निघालेलं कुणाचं तरी कुटुंब असतं. शिवाय सरळ रस्त्यावर ग्रिप कळतच नाही, ती कळते ब्रेक मारताना आणि वळणावर. समृद्धीवर टायरची वेगळीच परीक्षा होते, तासन् तास एकाच स्पीडला, तापलेल्या काँक्रीटवर, न थांबता. निघायच्या आधी थंड टायरची हवा बघा, नक्षीच्या खाचेत जो छोटा उंचवटा असतो तो १.६ मिलिमीटरचा असतो, नक्षी त्याच्या बरोबरीला आली असेल तर त्या टायरवर समृद्धीला चढूच नका. आणि दर दीड-दोन तासांनी थांबून चारही टायरला एकदा हात लावून बघा, एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर त्याची हवा जातेय.

प्रश्न : सर, दुकानदार चांगल्या कंपनीचे परफॉर्मन्स टायर तीस टक्के कमी भावात द्यायलाय. डिझाइन नवंच आहे, काही अडचण? — एक वाचक, नांदेड

उत्तर : साईडवॉलवर डॉट (DOT अशी इंग्रजी अक्षरं) लिहिलेल्या रांगेच्या शेवटी चार आकडे असतात, ते वाचा. २३२४ असेल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा. चारही टायरचे वाचा, कारण दोन ताजे आणि दोन जुने असा सेट गळ्यात मारायची पद्धत आहे. एखाद्या टायरला आकडे आतल्या बाजूला असतात, तर बसवायच्या आधीच बघायचं, नंतर जमिनीवर झोपावं लागतं. वर्षभराच्या आतला असेल तर डोळे झाकून घ्या, दोन वर्षांचा असेल आणि सावलीत ठेवलेला असेल तर भाव बघून घ्या. त्याच्या पुढचा ट्रॅकसाठी नको, मग भाव काही का असेना. आपल्याकडं पत्र्याच्या शेडमध्ये दोन उन्हाळे काढलेला टायर बाहेरून काळाभोर दिसतो पण रबर कडक झालेलं असतं. अंगठ्याचं नख दाबून बघा, ताज्या टायरवर खूण उमटते आणि भरून येते. बाहेरून आलेला टायर असेल तर आयएसआयचा शिक्का आहे का तेही बघा. २०२० च्या जूनपासून टायरच्या आयातीवर बंधन आहे, त्यामुळं काही भारी मॉडेल मिळत नाहीत आणि मिळाले तर कधीचे असतील याची चौकशी करूनच घ्यायचे.

प्रश्न : माझी केटीएम ३९० ड्यूक आहे, मागं १५० चा टायर आहे, १६० टाकला तर ट्रॅकवर जास्त झुकता येईल का? — एक वाचक, लातूर

उत्तर : उलट होईल. रिम तेवढीच राहते, त्यावर रुंद टायर चढवला की तो कडेनं दाबला जातो, त्याचा गोलवा बदलतो आणि गाडी झुकायला जड होते. १५०/६० च ठेवा, फक्त मऊ रबराचा रेडियल घ्या. कडेला मऊ आणि मध्ये कडक असा दोन रबरांचा मिळाला तर आपल्यासाठी तोच, कारण लातूरहून सोलापूर काय आणि नांदेड काय, रस्ता सरळच, मधला भाग चपटा होतो आणि मग वळणावर गाडी आधी नको म्हणते आणि मग एकदम पडते. चपटा झालेला टायर ट्रॅकवर नेऊ नका, नक्षी शिल्लक असली तरी.

प्रश्न : ट्रॅकसाठी नायट्रोजन भरावाच लागतो का? — एक वाचक, हिंगोली

उत्तर : नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फायदा असतो तो कोरड्या हवेचा, कारण पाण्याची वाफ असली की गरम झाल्यावर हवा जास्त आणि वेडीवाकडी वाढते. ज्याच्या कॉम्प्रेसरमधून रोज पाणी काढतात त्याच्याकडं साधी हवा भरा, आणि ते पैसे चांगल्या गेजला घाला. हां, टायर बदलून आलात की पन्नासेक किलोमीटरनंतर चाकांचे बोल्ट टॉर्क पान्यानं परत एकदा बघा, पहिल्या पत्रातल्या ऑक्टाव्हियाला ते १२० न्यूटन मीटरवर लागतात, आणि ट्रॅकवर दर सेशननंतर तपासायचे, गाडी थंड झाल्यावर.