प्रिंटर वायफायला जोडलेला आहे, मोबाइलवरून प्रिंट निघते, मग लॅपटॉपवरच ऑफलाइन का दाखवतो?

तुम्ही लिहिलंय की गेल्या आठवड्यात राउटर बंद करून चालू केला तेव्हापासून हे सुरू झालं, प्रिंटरवरचा वायफायचा दिवा नीट लागलेला असतो, मोबाइलवरून प्रिंट निघते, पण विंडोजच्या लॅपटॉपवर प्रिंटर ऑफलाइनच, आणि तुम्ही ड्रायव्हर (लॅपटॉपला प्रिंटर चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) तीनदा काढून परत टाकलात. सगळ्यात आधी सांगतो, चौथ्यांदा ड्रायव्हर काढू नका. तुमचा प्रिंटर चांगला आहे, वायफायही चांगलं आहे, नाहीतर मोबाइलवरून प्रिंट निघालीच नसती. घोळ आहे तो लॅपटॉपने प्रिंटरचा जो पत्ता लिहून ठेवलाय त्यात, निदान माझा पहिला संशय तरी तोच.

होतं काय की राउटर घरातल्या प्रत्येक वस्तूला एक आयपी ॲड्रेस देतो, म्हणजे १९२.१६८.१.१२ असा काहीतरी नंबर, आणि तो कायमचा नसतो, राउटर बंद होऊन सुरू झाला की कधी कधी कोणाला कुठला नंबर दिला होता हे तो विसरतो आणि जो आधी मागेल त्याला पुढचा मोकळा नंबर देऊन टाकतो. मोबाइल प्रिंट देताना बहुतेक वेळा नव्याने हाक मारून प्रिंटर शोधतो म्हणून त्याला नंबर बदलल्याचं काही वाटत नाही. लॅपटॉपवर मात्र प्रिंटर पहिल्यांदा जोडला तेव्हाचा नंबर बऱ्याचदा तसाच साठवलेला असतो, तो त्याच जुन्या नंबरवर हाका मारत बसतो, तिकडून कोणी ओ देत नाही, आणि मग तो ऑफलाइन असं लिहून मोकळा होतो. हा साठवलेला पत्ता विंडोजमध्ये पोर्ट या नावाने असतो, ड्रायव्हर काढल्यावर पण हा जुना पोर्ट मागे राहू शकतो, आणि परत इन्स्टॉल करताना तोच चिकटला की तीनदा करून पण काही फरक पडत नाही.

माझ्याकडे हेच झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला एका अर्जाच्या चार प्रती हव्या होत्या आणि मी रात्री दोन तास ड्रायव्हर काढ, टाक, लॅपटॉप रीस्टार्ट कर असं करत होतो. शेवटी प्रिंटरच्याच मेनूतून त्याचा नेटवर्कचा रिपोर्ट छापला, तो कागद हातात धरला आणि लॅपटॉपवर पोर्टचा टॅब उघडला, तर कागदावर शेवटचा आकडा ७ आणि स्क्रीनवर १२. पोर्ट बदलला, आणि अडकलेली चारही पानं एकामागून एक बाहेर आली. दोन तास त्या दोन आकड्यांसाठी गेले होते, म्हणून आता मला कोणी विचारलं की मी आधी तो कागद छापायला सांगतो.

तुम्ही पण तिथूनच सुरुवात करा. प्रिंटरला छोटी स्क्रीन असेल तर सेटिंगमध्ये नेटवर्क किंवा वायरलेसमध्ये आयपी ॲड्रेस दिसतो, स्क्रीन नसेल तर वायफायचं किंवा माहितीचं बटण काही सेकंद दाबून धरलं की बऱ्याच मॉडेलमध्ये रिपोर्टचं पान निघतं, नेमकं कुठलं बटण ते तुमच्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत असेल. त्या पानावर आयपी ॲड्रेस शोधा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजायचं की प्रिंटरला राउटरकडून नंबर मिळालेलाच नाही, त्याने स्वतःच एक लावून घेतलाय, मग प्रिंटर परत वायफायला जोडावा लागेल. पण तुमच्या बाबतीत तसं नसावं.

नंबर मिळाला की लॅपटॉपवर ब्राउझर उघडा आणि जिथे वेबसाइटचं नाव टाकतो तिथे तो नंबर टाकून एंटर मारा. वायफायच्या बहुतेक प्रिंटरमध्ये स्वतःचं एक छोटं वेबपेज असतं, शाई किती उरली वगैरे दाखवणारं, ते उघडलं तर लॅपटॉप प्रिंटरपर्यंत पोचतोय हे नक्की झालं आणि दुखणं फक्त पोर्टचं आहे. पेज नाही उघडलं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजला टाइप करून आज्ञा द्यायची खिडकी) पिंग लिहून एक स्पेस आणि मग तो नंबर (अर्थात इंग्रजीत टाइप करायचं), पिंग म्हणजे त्या नंबरला मारलेली हाक, त्याच नंबरवरून रिप्लाय आला तर रस्ता मोकळा आहे.

रस्ता मोकळा असेल तर आता पोर्ट. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, तिथे तुमचा प्रिंटर. एकाच प्रिंटरची दोन नावं दिसत असतील, एकाच्या शेवटी कॉपी १ वगैरे, तर ती तुमच्या तीन वेळच्या इन्स्टॉलची उरलेली पिल्लं आहेत, एक ठेवा आणि बाकीची रिमूव्ह करा, नाहीतर दुरुस्त एक कराल आणि प्रिंट दुसऱ्यालाच देत बसाल. मग प्रिंटर प्रॉपर्टीज (प्रिंटिंग प्रेफरन्सेस नाही, ते वेगळं), त्यात पोर्ट्सचा टॅब. ज्या ओळीला टिक आहे ती नीट वाचा. तिथे जुना नंबर असेल तर चोर सापडला. डब्ल्यूएसडीने सुरू होणारं काही असेल तर तो विंडोजने स्वतः शोधून जोडलेला पोर्ट, तो चालतो तोवर छान चालतो पण प्रिंटर झोपून उठला की हरवतो असा माझा अनुभव आहे, मी तो ठेवत नाही. ॲड पोर्ट दाबा, स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट निवडा, न्यू पोर्ट, आणि कागदावरचा नंबर जसाच्या तसा टाका, पुढे नेक्स्ट नेक्स्ट करत जा, आणि परत आल्यावर नव्या पोर्टलाच टिक आहे ना बघून अप्लाय. मग जनरलच्या टॅबवर प्रिंट टेस्ट पेज.

टेस्ट पेज निघालं पण वर अजून ऑफलाइनच लिहिलेलं दिसलं तर त्याच पोर्टवर कॉन्फिगर पोर्ट दाबा, खाली एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड असा एक चौकोन असतो, त्यातली टिक काढा. एसएनएमपी म्हणजे विंडोजने प्रिंटरला चालू आहेस का असं विचारायची एक पद्धत, प्रिंटर त्या विचारणेला उत्तर देत नसला की विंडोज त्याला बंद समजतं, प्रत्यक्षात तो चालू असला तरी.

आणि काहीच निघालं नाही, रांगेत जुनी प्रिंट अडकलीय आणि डिलीटही होत नाही, तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) स्टॉप करा, विंडोजच्या सिस्टीम३२ मध्ये स्पूल आणि त्याच्या आत प्रिंटर्स नावाचं फोल्डर आहे, त्याच्या आतल्या फाइल्स उडवा (फोल्डर नाही, फक्त आतलं), आणि स्पूलर परत स्टार्ट करा. अर्धवट अडकलेली एक फाइल मागच्या सगळ्या प्रिंट रोखून धरते. रांगेच्या खिडकीत यूज प्रिंटर ऑफलाइन असा पर्याय दिसत असेल तर तो चुकून चालू नाही ना तेही एकदा बघा.

आता पिंगला उत्तर आलं नाही तर गोष्ट वेगळी. ऑफिसचा लॅपटॉप आहे का, व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी खाजगी वाट) चालू आहे का? असेल तर बंद करून बघा, बरेच व्हीपीएन चालू असताना घरातल्या बाकी वस्तूंशी बोलूच देत नाहीत. लॅपटॉप गेस्टच्या वायफायवर तर नाही ना हे पण बघा, गेस्ट नेटवर्कवरच्या वस्तूंना सहसा घरातल्या बाकी वस्तू दिसत नाहीत, मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. आणि विंडोजमध्ये तुमचं घरचं वायफाय पब्लिक म्हणून नोंदलं गेलं असेल तर ते प्रायव्हेट करा.

ज्यांचा प्रिंटर वायफायलाच जोडला जात नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात, घरचे बरेच प्रिंटर फक्त २.४ वर चालतात, त्यांना ५ चं नेटवर्क दिसतच नाही. नवीन राउटरवर सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत, डब्ल्यूपीए२ जुनी) ठेवली असेल तरी जुना प्रिंटर पासवर्ड बरोबर टाकून पण जोडला जात नाही, तिथे डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र करावं लागतं. लॅपटॉप ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी हरकत नाही, राउटर एकच असला की दोघं सहसा बोलतात, त्यासाठी लॅपटॉपचं वायफाय बदलू नका.

सगळं सुरू झालं की एक काम मात्र नक्की करा, नाहीतर पुढच्या वेळी राउटर बंद-चालू झाला की परत इथेच याल. राउटरच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या वस्तूंची यादी असते, त्यात प्रिंटर शोधा, त्याचा मॅक ॲड्रेस (प्रत्येक वस्तूचा स्वतःचा न बदलणारा ओळख क्रमांक) त्या छापलेल्या कागदावर आहे त्याच्याशी ताडून बघा, आणि ॲड्रेस रिझर्व्हेशन या नावाची सोय असेल तिथे हा नंबर त्याच्या नावावर राखून ठेवा. मी हे केल्यापासून राउटर कितीदा तरी बंद-चालू झालाय आणि प्रिंटर ७ वरच आहे. तो कागद मी प्रिंटरच्या मागे चिकटपट्टीने लावून ठेवलाय, घरातलं कोणीही बघू शकतं.

पोर्टच्या टॅबमध्ये काय लिहिलंय आणि पिंगला काय उत्तर आलं ते इथे कळवा, आकडे जसेच्या तसे टाका, १९२.१६८ ने सुरू होणारे घरातले आकडे बाहेरच्या माणसाला काही उपयोगाचे नसतात. त्यावरून पुढचं सांगता येईल.