नव्या तलंगा जुन्या कोंबड्यांमध्ये कशा मिसळाव्यात?

आपण विचारले आहे की, परसातल्या चार जुन्या कोंबड्यांमध्ये तीन नव्या तलंगा (अंड्यावर येण्याआधीच्या तरुण कोंबड्या) सोडताच पहिल्याच दिवशी एकीची मान रक्तबंबाळ झाली, तर आता काय करावे आणि मुळात त्यांना कसे एकत्र आणायला हवे होते.

आज प्रथम तिन्ही तलंगांना बाहेर काढा. जखम स्वच्छ धुऊन तिच्यावर जनावरांसाठी मिळणारे जांभळे औषध लावा, कारण कोंबड्या लाल रंगावर चोच मारतात आणि रक्त दिसत राहिले तर एरवी शांत असणारी कोंबडीही तिथेच टोचत राहते. जखम भरेपर्यंत तिला वेगळे ठेवा, मात्र सोबतिणी तिला दिसतील अशा जागी ठेवा.

नव्या कोंबड्या सुमारे ३० दिवस जुन्यांपासून दूर, वेगळ्या भांड्यांत दाणापाणी देऊन ठेवाव्या लागतात, आणि रोजचे काम जुन्यांकडून नव्यांकडे या क्रमाने करावे लागते, म्हणजे आपल्याच हातापायांना लागून रोग उलट दिशेने जात नाही. मी सुरुवातीला हा टप्पा गाळला होता. आणलेल्या दोन्ही कोंबड्या तुकतुकीत होत्या, पण आठवडाभरात रात्री खुराड्यातून घरघर ऐकू येऊ लागली आणि पंधरवड्यात माझ्या जुन्या कोंबड्यांच्याही नाकातून पाणी गळू लागले. श्वसनाच्या काही रोगांचे जंतू बऱ्या झालेल्या कोंबडीच्या अंगातही राहतात, त्यामुळे वरवरच्या तजेल्यावर विसंबून राहता येत नाही. या दिवसांत पंखांखाली आणि शेपटीच्या बुडाशी पिसे बाजूला करून उवा पाहाव्यात, शिटेत रक्त नाही ना हेही पाहावे. आपल्या तलंगा आधीच मिसळून झाल्या आहेत, तरीही हे निरीक्षण आता दोन्हीकडे करावे.

भांडण का होते, हे समजले की पुढची पावले आपोआप सुचतात. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२१ साली कोंबड्यांमधील मानाच्या क्रमाचे वर्णन प्रसिद्ध केले. कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी मुकाट बाजूला व्हायचे, हे त्यात प्रत्येक जोडीपुरते ठरलेले असते. म्हणजे आपल्या चार जुन्या आणि तीन नव्या कोंबड्यांमध्ये बारा जोड्यांचा निवाडा नव्याने व्हायचा आहे. तो त्यांनाच करू द्यावा लागतो. आपले काम एवढेच की, हरलेल्या कोंबडीला पळायला जागा आणि पोटभर खायला मिळेल अशी व्यवस्था करावी.

विलगीकरण संपले की एक-दोन आठवडे मधे तारेची जाळी ठेवून दोन्ही गट शेजारी ठेवा. दाण्याची भांडी जाळीच्या दोन्ही अंगांना, हळूहळू अगदी समोरासमोर आणा. जुन्या कोंबड्या जाळीवर धावून जाणे सोडून खाण्यात गुंतल्या, की रोज दुपारी तासभर मोकळ्या अंगणात एकत्र सोडा. खुराड्यात मात्र लगेच कोंडू नका. आडोशासाठी एखादी फळी भिंतीला टेकवून दोन्ही बाजू उघड्या ठेवा, कारण कोपऱ्यात सापडलेली तलंग सर्वाधिक मार खाते. दाण्याची आणि पाण्याची किमान दोन-दोन भांडी एकमेकींपासून लांब असावीत. रात्री दांडीवर नेऊन बसवण्याची युक्ती पुष्कळजण सांगतात. कोंबड्यांना अंधारात फारसे दिसत नसल्याने रात्र शांततेत जाते हे खरे, परंतु जाळीचा टप्पा झालेला नसेल तर सकाळी तेच भांडण नव्याने उभे राहते.

खाद्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. अंड्यांवरच्या कोंबड्यांच्या खाद्यात सुमारे ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असते आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांच्या मूत्रपिंडांना ते दीर्घकाळ सोसत नाही. म्हणून सर्वांना वाढीच्या वयाचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्यांना गरज असते, त्या तो स्वतःहून खातात. तलंगा अंगाने जुन्यांच्या जवळपास येईपर्यंत त्यांना मोकळे मिसळू देऊ नये, हेही त्याबरोबर सांभाळावे.

किरकोळ टोचणे, पाठलाग, मानेची पिसे फुलवणे यांत हात घालू नका. रक्त आले किंवा एकीला अनेकींनी घेरले तरच सोडवा. एकच कोंबडी सतत छळत असेल, तर नवीला न हलवता त्या दांडगीलाच तीन-चार दिवस वेगळे ठेवा. ती परत येते तेव्हा तिलाच आपली जागा पुन्हा मिळवावी लागते आणि तिचा जोर ओसरलेला असतो.

रोज संध्याकाळी कोंबड्या दांडीवर बसल्या की, प्रत्येक तलंगेच्या छातीवरची, गळ्याखालची दाण्याची पिशवी बोटांनी हलकेच चाचपा. ती भरलेली आणि टणकसर लागली, तर दिवसभर कितीही पाठलाग दिसला असला तरी तिला खायला मिळाले आहे. रिकामी, लोंबती लागली, तर भांडी वाढवा आणि तिला पुन्हा जाळीपलीकडे घ्या. सलग आठवडाभर तिघींचीही पिशवी भरलेली लागली, म्हणजे जाळी काढून ठेवायला हरकत नाही.