चेलोचं कर्ज राहू द्या, पॉलिसी कोणाच्या नावावर आहे?

प्रश्न : मी मूळचा मडगावचा, वय 28, मुंबईत राहतो. आम्हा चौघांचं स्ट्रिंग क्वार्टेट आहे, म्हणजे दोन व्हायोलिनं, एक व्हिओला (थोडं मोठं व्हायोलिन) आणि एक चेलो (बसून वाजवायचं त्याहून मोठं वाद्य). मी पहिलं व्हायोलिन वाजवतो. लग्नं, हॉटेलं, रेकॉर्डिंग मिळून गेल्या वर्षी 18 लाख आले. पैसे माझ्या खात्यात येतात, मी चौघांत वाटतो. शिकवण्यांचे माझे वेगळे 3 लाख. सामायिक निधी म्हणून बँकेतल्या साहेबांच्या सल्ल्याने वर्षाला 2 लाखांची पॉलिसी घेतली. एकूण दहा हप्ते भरायचे, दोन झाले, 20 वर्षांनी 50 लाख मिळतील. आता युरोपातल्या स्पर्धेसाठी चांगला चेलो हवाय. 14 टक्क्यांनी 9 लाखांचं कर्ज काढू का?

उत्तर : नको. पाच वर्षं महिना 21 हजार, म्हणजे 9 लाखांच्या वाद्यासाठी साडेबारा लाख. वर चेलो वाजवणार दुसरा आणि हप्ता कापला जाणार तुमचा. टोकियो क्वार्टेटसारखी मातब्बर मंडळी वर्षानुवर्षं एका जपानी फाउंडेशनने वापरायला दिलेल्या स्ट्रॅडिव्हेरियसवर, म्हणजे जुन्या, अतिशय महागड्या इटालियन वाद्यांवर, वाजवत होती. स्पर्धेपुरता चेलो भाड्याने किंवा उसना मिळतो का ते बघा. स्पर्धा जिंकली की लग्नांत वाजवावं लागणार नाही, असं मनात असेल तर तेही काढून टाका. परदेशातली नावाजलेली क्वार्टेटंसुद्धा विद्यापीठात शिकवून घर चालवतात.

पण मला धास्ती वाटते ती पॉलिसीची. पैसे चौघांचे. पॉलिसीधारक तुम्ही, विमा तुमच्या जिवाचा आणि नॉमिनी बहुधा तुमची आई. उद्या तुमचं बरंवाईट झालं, तर बाकी तिघांनी आईच्या दारात जाऊन काय सांगायचं? किंवा व्हिओलावाली लग्न होऊन कॅनडाला गेली आणि तिने आपला चौथा हिस्सा मागितला, तर तुम्ही तो कुठून देणार?

हा बागुलबुवा नाही. अमेरिकेतल्या ऑडुबॉन क्वार्टेटने 2000 मध्ये आपल्या पहिल्या व्हायोलिनवादकाला काढलं. तो कोर्टात गेला. 2001 मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला आणि बाकी तिघांवर सहा लाख डॉलरहून जास्त देणं आलं. चेलोवादक आणि व्हिओलावादक या नवराबायकोवर तर हातातली वाद्यं गमावण्याची पाळी आली होती. त्यांचं क्वार्टेट तुमच्यापेक्षा कितीतरी जुनं आणि नावाजलेलं होतं.

आता ते 50 लाख. हिशेब केला तर परतावा जेमतेम 6 टक्के. तोही हमीचा नव्हे. पॉलिसीसोबतचा तक्ता काढा. त्यात 4 आणि 8 टक्के गृहीत धरून दोन रकाने असतात. साहेबांनी तुम्हाला बहुधा 8 चा रकाना दाखवला आणि 4 च्या रकान्यावर हात ठेवला. तुमच्या खात्यात 18 लाख येताना दिसतात, म्हणून पॉलिसीही तुम्हाला आणि कर्जही तुम्हालाच. त्यातले साडेतेराच्या आसपास लाख दुसऱ्यांचे आहेत, हे त्यांना कशाला पडलंय!

आयकर खात्यालाही ते ठाऊक नाही. सगळा टीडीएस तुमच्या पॅनवर, म्हणजे कागदोपत्री 18 लाख एकट्या तुमचे. त्यात शिकवण्यांचे 3 मिळवा : 21. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा 20 लाख आहे. यूपीआयने केलेली वाटणी कोणी विचारात घेणार नाही. या आठवड्यात सीए गाठा.

चौघांची भागीदारी फर्म करा, तिचं वेगळं पॅन, वेगळं चालू खातं. करारात दोन गोष्टी स्पष्ट लिहा : कोणी सोडून गेलं तर त्याला किती आणि कधी, आणि क्वार्टेटचं नाव कोणाकडे राहणार. मैत्रीत हे बोलायला संकोच वाटतो, मान्य आहे. तरी बोला. सामायिक पैसा फर्मच्या नावाने साध्या एफडीत ठेवा. आरोग्य विमा चौघांनी आपापला घ्यावा, त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही.

तिसरा हप्ता भरण्याआधी कंपनीकडून लेखी मागवा : आज पॉलिसी सोडली तर हातात किती आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली, तर किती. त्या साहेबांना विचारू नका, थेट कंपनीला लिहा. भरलेल्या 4 लाखांत तूट येईलच. ती कोणी सोसायची, हे तिघांना समोर बसवून ठरवा. माझ्या मते तुम्ही, कारण सही तुमची आहे.