दगडाचे घनफळ की आकारमान?

प्रश्न असा आला आहे: सातवीतल्या मुलीने प्रयोगवहीत ‘दगडाचे घनफळ १३ मिली’ असं लिहिलं. शिक्षकांनी ‘घनफळ’ खोडून ‘आकारमान’ केलं. गणिताच्या पुस्तकात घनफळ चालतं तर विज्ञानात का नाही? आणि मग ‘धारकता’ कशाला?

खोडण्याइतकी ती चूक नव्हती. राशी एकच आहे. तरी शिक्षकांचा शब्द जास्त नेमका आहे. घनफळ, क्षेत्रफळ यांतलं ‘फळ’ म्हणजे गुणाकाराचं उत्तर. लांबी, रुंदी, उंची गुणली की घनफळ. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) लांबी, रुंदी, जाडी एकेक हात असलेल्या बारा कडांच्या ठोकळ्याला ‘घनहस्त’ म्हटलं आहे, आणि धान्य मोजायची मागध खारी म्हणजे असा एक घनहस्त, असंही तिथेच सांगितलं आहे. पट्टीचं माप आणि भरून मोजायचं माप यांची सांगड इतकी जुनी आहे. पण ओढ्यातून उचललेल्या दगडाची लांबी कुठून कुठवर धरणार? तिथे गुणायला काही नसतं. त्याने किती जागा व्यापली एवढंच विचारता येतं, आणि ते आकारमान.

या शब्दाची खोड एकच, मुलं त्यात ‘आकार’ तेवढा वाचतात. शाडूचा गोळा चेपून चकती केली की आकार बदलतो, आकारमान तेवढंच राहतं. हे तोंडी सांगण्यापेक्षा तोच गोळा चेपून पाण्यात दोनदा बुडवून दाखवावा.

आता प्रयोग. १०० मिलीचं मोजपात्र घ्या, ज्यावर एका भागाला १ मिली आहे असं. सपाट टेबलावर ठेवून ५० मिलीपर्यंत पाणी भरा. पाणी काचेच्या कडेला किंचित वर चढतं, म्हणून वाचन मधल्या खोलगट भागाच्या तळाशी घ्यायचं, डोळा त्याच पातळीवर आणून. वरून पाहिलं तर आकडा जास्त दिसतो, खालून पाहिलं तर कमी. पात्र हातात उचलून डोळ्यासमोर धरणं ही वर्गातली नेहमीची चूक, कारण ते हमखास तिरकं होतं. दगडाला बारीक दोरा बांधून हळूच सोडा. धपकन टाकला तर पाणी उडतं, आकारमान कमी येतं, क्वचित तळही फुटतो. दगडाला चिकटलेले बुडबुडे झटकून काढा, ते राहिले तर आकारमान जास्त येतं. पातळी ६३ झाली की दगडाचं आकारमान १३ घसेमी (घन सेंटीमीटर). १ मिली म्हणजेच १ घसेमी, पण घन वस्तूसाठी घसेमी लिहायची रीत आहे. खोडायचंच होतं तर ते ‘मिली’ खोडायला हवं होतं.

विटेचा तुकडा किंवा खडू यासाठी घेऊ नये, ते पाणी पितात. बुचासारखी तरंगणारी वस्तू असेल तर खाली लोखंडी नट बांधा, आधी एकट्या नटाचं वाचन घ्या आणि ते वजा करा. एकच गोटी टाकून फारसं हाती लागत नाही. वाढ २-३ मिलीची आणि वाचनातली शंका अर्ध्या मिलीची. सारख्या दहा गोट्या टाकून दहाने भागावं.

दोन्ही शब्द एकत्र भेटवायचे तर ६ सेमी × १.५ सेमी × १.५ सेमी मापाची अ‍ॅल्युमिनियमची कांडी घ्या. पट्टीने घनफळ १३.५ घसेमी येतं. पाण्यात ती बुडवल्यावर वर्गातली निम्मी मुलं १३ म्हणतील, निम्मी १४. भांडण शब्दांचं नसून मोजपात्रावरच्या रेघांचं आहे, हे तिथे आपोआप कळतं.

धारकता मात्र खरोखर वेगळी. ती भांड्याच्या आतल्या पोकळीची. स्टीलच्या पेल्यात काठोकाठ २५० मिली पाणी मावलं, तर ती त्याची धारकता. तोच पेला आडवा करून पूर्ण बुडवला, आत हवा राहू दिली नाही, तर पाणी चढतं ते फक्त धातूपुरतं. पेला १०० ग्रॅमचा असेल तर सुमारे साडेबारा घसेमी, कारण अशा स्टीलची घनता ८ ग्रॅम प्रति घसेमीच्या आसपास असते. हे पेल्याच्या धातूचं आकारमान. टाकीच्या गणितातही हाच गोंधळ होतो: बाहेरून मापं घेऊन गुणलं आणि उत्तराला ‘धारकता’ म्हटलं की भिंतींची जाडीही पाण्यात धरली जाते.

धान्य या दोन्हींच्या मध्ये अडकतं. चिपटं, मापटं, शेर, पायली ही मापं धारकतेची, म्हणून ‘शीग लावून की सपाट’ हे आधी ठरवावं लागे. पण पायलीभर ज्वारीत दाण्यांमधली हवाही मोजली जाते. पाहायचं असेल तर ५० मिली कोरड्या वाळूत ५० मिली पाणी ओता. एकूण १०० होत नाही, ८० मिलीच्या आसपास थांबतं. उरलेलं पाणी कणांमधल्या फटींत गेलेलं असतं. त्यामुळे ‘वाळूचं आकारमान’ लिहिताना ढिगाचं की कणांचं, हे वहीत लिहायलाच हवं.