आधी गोळी, मग पुंगळी

प्रश्न : मी .३०८ विंचेस्टर काडतुसाच्या रायफलने लांब पल्ल्याची नेमबाजी करतो. ‘जड आणि निमुळती गोळी वापरा, वारा कमी बाधेल’ असे सगळेच सांगतात. तशी गोळी जुन्या काडतुसातही बसवता येते. मग ६.५ क्रीडमोर, ६.८ वेस्टर्न, .३०० पीआरसी अशी नवी काडतुसे कशासाठी काढली जातात? हा केवळ विक्रीचा खटाटोप आहे का?

उत्तर : नव्या काडतुसाबरोबर नवी रायफल खपते, हे खरे आहे आणि आपला संशय अगदीच निराधार नाही. परंतु आपण ज्या तीन काडतुसांची नावे घेतली आहेत, त्यांच्यामागे एक खरीखुरी तांत्रिक अडचण आहे आणि ती अवघ्या काही मिलिमीटरांची आहे. ती समजण्यासाठी आधी गोळीकडे पाहावे लागेल.

हवेला छेदत जाताना गोळी आपला वेग किती टिकवते, हे बॅलिस्टिक गुणांकावरून कळते. हा गुणांक दोन गोष्टींतून बनतो : जाडीच्या मानाने गोळीचे वजन किती आहे आणि तिचा आकार हवेतून किती सहज सरकतो. .३०८ (हा इंचांतील व्यास) मधील सर्वपरिचित १७५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचे लहान एकक) मॅच, म्हणजे स्पर्धेची, गोळी घेतली, तर तिचे वजन पौंडांत मांडून इंचांतील व्यासाच्या वर्गाने भागल्यावर सुमारे ०.२६ येते. ६.५ (हा मिलिमीटरांतील व्यास) मधील १४० ग्रेनच्या लांब गोळीचे हेच उत्तर सुमारे ०.२९ आहे. म्हणजे वजनाने ३५ ग्रेन हलकी असूनही ती आपल्या जाडीच्या मानाने जड आहे. त्यात तिचे टोक अधिक निमुळते आणि बूडही होडीसारखे नीट उतरते केलेले असल्यामुळे आकाराचा फायदा वेगळा मिळतो. परिणामी जी७ या, लांब निमुळत्या गोळ्यांसाठीच्या मापाने पहिलीचा गुणांक ०.२४ च्या आसपास, तर दुसरीचा ०.३२ च्या आसपास येतो. हा फरक मोठा आहे.

वाऱ्याच्या बाबतीत एक जुना नियम आहे, जो प्रत्येक नेमबाजाने एकदा तरी कागदावर सोडवून पाहावा असे मला मनापासून वाटते. आडव्या वाऱ्याने गोळी किती सरकते, हे ती एकूण किती वेळ हवेत आहे यावर ठरत नाही. हवा नसती तर लागला असता त्यापेक्षा जो जादा वेळ लागला, त्यावर ते ठरते. १००० यार्ड, म्हणजे ९१४ मीटरचे अंतर घ्या. १७५ ग्रेनची गोळी ७९० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघाली, तर निर्वात अवकाशात तिला १.१६ सेकंद लागतील. समुद्रसपाटीच्या हवेत प्रत्यक्षात सुमारे १.७ सेकंद लागतात. ६.५ ची गोळी ८२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने निघून १.११ सेकंदांऐवजी सुमारे १.५ सेकंद घेते. जादा वेळ पहिलीला ०.५४ आणि दुसरीला ०.३९ सेकंद. सेकंदाला साडेचार मीटर वेगाचा आडवा वारा असेल, तर पहिली सुमारे २.४ मीटर आणि दुसरी सुमारे पावणेदोन मीटर सरकेल. वाऱ्याचा अंदाज चुकला, तर चुकीचा आकारही त्याच प्रमाणात लहान राहतो आणि लांब पल्ल्यावर निशाणा बहुतेक वेळा वाऱ्याच्या अंदाजातच चुकतो. शिवाय तेवढे अंतर कापेपर्यंत .३०८ ची गोळी ध्वनीच्या वेगाजवळ येऊन पोहोचते, जिथे अनेक गोळ्या डळमळू लागतात, ६.५ ची गोळी तेव्हाही त्या वेगाच्या बरीच वर असते.

आता आपला मूळ मुद्दा : अशी गोळी जुन्या काडतुसात का बसवू नये? कारण तिला जागा नसते. .३०८ ची पुंगळी, म्हणजे दारू भरलेले धातूचे नळकांडे, ५१.२ मिलिमीटर लांब आहे आणि भरलेल्या काडतुसाची कमाल लांबी ७१.१ मिलिमीटर. मॅगझिनही (रायफलमधील काडतुसांची पेटी) त्याच मापाचे असते. म्हणजे पुंगळीच्या तोंडाबाहेर गोळीला जेमतेम २० मिलिमीटर मिळतात. लांब टोकाची गोळी तिथे बसवायची झाली, तर ती आत ढकलावी लागते. मग तिचे बूड दारूची जागा खाते आणि टोकाचा निमुळता भाग पुंगळीच्या तोंडाशी येऊन मानेची पकडही बिघडते. गोळी जड घेतली आणि दारूची जागा घटवली, तर वेग घटतो आणि जे कमवायचे तेच हातचे जाते. गोळी बाहेर ठेवावी, तर काडतूस मॅगझिनमध्ये मावत नाही आणि चेंबरचा, म्हणजे काडतूस बसण्याच्या जागेचा, घसा आखूड असेल तर गोळी थेट नळीतील सर्पिल आट्यांना जाऊन टेकते, ज्याने दाब वाढतो.

२००७ साली हॉर्नाडी कंपनीने आणलेल्या ६.५ क्रीडमोरमध्ये ही गाठ उलट्या टोकाने सोडवली आहे. पुंगळी ४८.८ मिलिमीटरपर्यंत आखूड केली आणि एकूण लांबी जवळपास तेवढीच, ७१.८ मिलिमीटर, ठेवली. गोळीला बाहेर २३ मिलिमीटर मिळाले. .३०० विंचेस्टर मॅग्नम आणि .३०० पीआरसी शेजारी ठेवले, तर हे अधिकच स्पष्ट दिसते. १९६३ सालच्या विंचेस्टर मॅग्नमची पुंगळी ६६.५ आणि एकूण लांबी ८४.८ मिलिमीटर, २०१८ सालच्या पीआरसीची पुंगळी ६५.५ आणि एकूण लांबी ९४. पुंगळी एक मिलिमीटरने आखूड, पण गोळीसाठी बाहेरची जागा १८ मिलिमीटरवरून २८ मिलिमीटरवर गेली. जुन्या काडतुसाच्या आरेखकांना दोष देण्यासारखे यात काही नाही. त्यांना .३०-०६ च्या लांबीच्या यंत्रणेत मावणारे ताकदवान शिकारी काडतूस हवे होते आणि त्या काळच्या गोळ्या आखूड होत्या. २०२१ मधील ६.८ वेस्टर्नमध्येही .२७० डब्ल्यूएसएमची (विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम) पुंगळी आखूड करून १६५ ते १७५ ग्रेनच्या गोळ्यांना वाट करून दिली आहे.

प्रश्न : माझ्या नळीतील आट्यांचा पीळ १० इंचांत एक फेरा असा आहे. जास्त जड गोळीला जास्त पीळ लागतो, हे बरोबर आहे का?

उत्तर : लोक वजन म्हणतात, पण पीळ ठरतो तो गोळीच्या लांबीवर. हवेचा रेटा गोळीच्या गुरुत्वमध्याच्या पुढे लागतो आणि तिला उलथवू पाहतो. गोळी जितकी लांब, तितका हा रेटा प्रभावी. फिरण्याचा वेगच तिला सरळ ठेवतो. ६.५ क्रीडमोरच्या ८ इंचांत एक फेरा असलेल्या नळीतून बाहेर पडणारी गोळी सेकंदाला सुमारे ४००० फेरे घेत असते.

आल्फ्रेड ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये दिलेले सूत्र आजही प्राथमिक अंदाजाला पुरते : व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा, सगळे इंचांत; उत्तर म्हणजे एका फेऱ्याला किती इंच हवेत ते. .३०८ साठी हे १४.२ भागिले लांबी इतके येते. त्यामुळे आपल्या नळीला सुमारे १.४ इंच लांबीपर्यंतच्या गोळ्या चालाव्यात. १७५ ग्रेनची मॅच गोळी साधारण सव्वा इंचाची असते आणि ती सहज चालेल. त्याच वजनाची निव्वळ तांब्याची गोळी मात्र शिसे नसल्यामुळे अधिक लांब असते, म्हणून वजन पाहून तिची निवड करू नका, लांबी मोजा. पीळ कमी पडल्याचा दाखला मी स्वतः कागदावर पाहिला आहे : १०० यार्डांवर गोल भोकाऐवजी गोळीच्या आडव्या कुशीचा लांबट ठसा आणि त्याच्या कडेला फाटलेला कागद. त्या रायफलमध्ये बाकी काहीही बिघडलेले नव्हते.

नळी हा काडतुसाच्या आरेखनाचाच भाग आहे, हे रेमिंग्टनला एकदा महाग पडले. १९५५ मध्ये .२४३ विंचेस्टर आणि .२४४ रेमिंग्टन ही एकाच व्यासाची दोन काडतुसे बाजारात आली. विंचेस्टरने पीळ १० इंचांचा दिला, रेमिंग्टनने १२ इंचांचा, कारण त्यांच्या मनात हलक्या गोळ्या होत्या. शिकाऱ्यांना १०० ग्रेनची गोळी हवी होती आणि १२ इंचांच्या पिळात तिचा भरवसा नव्हता. १९६३ मध्ये तीच पुंगळी ९ इंचांचा पीळ देऊन ‘६ एमएम रेमिंग्टन’ या नावाने पुन्हा आणली गेली, पण तोवर बाजार .२४३ कडे गेला होता. उलट, १८९४ च्या सुमाराच्या स्वीडिश ६.५ × ५५ रायफलचा पीळ २०० मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ ८ इंचांत एक असा होता. तो तेव्हाच्या १५६ ग्रेनच्या बोथट, लांब गोळीसाठी दिलेला होता. त्यामुळेच आजच्या लांब गोळ्याही त्या जुन्या नळ्यांतून नीट जातात.

प्रश्न : मग गोळी आणखी जड आणि पुंगळी आणखी मोठी का करत नाहीत?

उत्तर : करतात, पण त्याची किंमत नळी भरते. लहान भोकातून खूप दारूचा जाळ गेला की आट्यांच्या सुरुवातीचा भाग भाजून झिजतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेले .२६४ विंचेस्टर मॅग्नम वेगवान होते, पण नळी लवकर खाण्याबद्दल त्याचा बोलबाला झाला. क्रीडमोरने त्याच व्यासाची गोळी कितीतरी कमी दारूत, सौम्य धक्क्याने उडवली. वेग थोडा सोडला आणि ती उणीव गोळीच्या आकाराने भरून काढली. तरीही क्रीडमोरची नळी आपल्या .३०८ पेक्षा लवकर झिजते. आपला बहुतेक सराव ६०० यार्डांच्या आत होत असेल, तर आहे तीच रायफल आणि १७५ ग्रेनची गोळी ठेवावी. नियमितपणे १००० यार्डांवर जाणार असाल, तर मात्र नळी बदलायची वेळ येईल तेव्हा ६.५ चा विचार जरूर करावा, कारण दोन्ही काडतुसांच्या पुंगळीचे बूड एकाच मापाचे असल्याने बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा भाग) बहुधा तोच चालतो.