पदरच्या पैशांवर सॉफ्टवेअरचा व्यवसाय

नोकरी लगेच सोडू नका. गृहनिर्माण संस्थांसाठी देखभाल शुल्काचे सॉफ्टवेअर करायचे ठरवले असेल, तर आधी एखाद्या खजिनदाराशेजारी बसून तो थकबाकीवर व्याज कसे लावतो, धनादेश न वटल्यास पावती कशी रद्द करतो, हे नीट पाहा. खरी गरज तिथेच कळते, आणि ती बहुधा तुमच्या कल्पनेपेक्षा साधी असते. वार्षिक शुल्क आगाऊ घ्या, कारण गुंतवणूकदार नसताना तेच तुमचे खेळते भांडवल. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी साधारणतः सक्तीची नसते. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंद, मात्र आताच करा. ती विनामूल्य आहे, आणि ती असली की 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार ग्राहकाला तुमचे देयक 45 दिवसांपलीकडे लांबवता येत नाही. तगादा अर्थात तुम्हालाच लावावा लागेल.