वंशवेल : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : घरातल्या जुन्या बायबलच्या कोऱ्या पानावर आजीच्या पणजोबांचे नाव आहे. नावाआधी 'रेव्हरंड', खाली 'पूना, १८६४' आणि दोन मुलांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा. ते इंग्रज होते, एवढेच ठाऊक आहे. शोध कुठून सुरू करू?
– एक वाचक, वानवडी

उत्तर : नुसत्या 'रेव्हरंड'वरून पंथ ठरत नाही. अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडचे), स्कॉटिश, मेथॉडिस्ट सगळेच ती उपाधी लावत. म्हणून आधी त्यांना पगार कोण देत होते ते शोधा, कारण कागदपत्रे पगार देणाऱ्याच्या दप्तरात साठतात.

छावणीतले चॅपलेन, म्हणजे तिथे नेमलेले पाद्री, सरकारी नोकर असत. त्यांची नावे 'ईस्ट इंडिया रजिस्टर' आणि १८६१ पासूनच्या 'इंडियन आर्मी अँड सिव्हिल सर्व्हिस लिस्ट'मध्ये इलाख्यानुसार छापली आहेत. १८६४ च्या मागचे-पुढचे अंक मुंबई इलाख्याखाली पाहा. तिथे नाव नसेल तर मिशनरी असण्याची शक्यता वाढते. चर्च मिशनरी सोसायटीची कागदपत्रे बर्मिंगहॅम विद्यापीठात आहेत, एसपीजी या दुसऱ्या अँग्लिकन मिशनरी संस्थेची ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात, तर स्कॉटिश मिशनसाठी एडिंबरोचे राष्ट्रीय ग्रंथालय गाठावे.

तुमच्याकडचा खरा ऐवज म्हणजे बाप्तिस्म्याच्या तारखा. इथल्या नोंदींच्या नकला लंडनला जात. मुंबई इलाख्याची ती मालिका आज ब्रिटिश लायब्ररीत 'एन/३' या क्रमांकाखाली आहे. फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर पैसे भरून नकलेच्या पानाचे चित्र पाहता येते. फॅमिलीसर्च आणि फिबिस (ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणारी संस्था) यांच्या संकेतस्थळांवरच्या सूच्या फुकट आहेत. 'पूना'बरोबर 'किर्की' (खडकी) हेही शोधा. सूचीवर थांबू नका, पान उघडाच : त्यात आईचे नाव, वडिलांचा हुद्दा आणि शेवटच्या रकान्यात विधी करणाऱ्याचे नाव असते. इथेच बरेच जण फसतात. शेवटच्या रकान्यात नाव दिसले म्हणून तो माणूस पुण्यात राहत होता असे होत नाही. रजेवरच्या चॅपलेनच्या जागी दुसऱ्या ठाण्याहून आलेलाही सही करी. नाव 'वडील' या रकान्यात आणि हुद्दा 'चॅपलेन' असेल, तरच पक्के धरा.

ते अँग्लिकन निघाले तर 'क्रॉकफर्ड' ही पाद्र्यांची निर्देशिका काढा. ती १८५८ पासूनची आहे. आधीच्या वर्षांसाठी १८४१ पासूनची 'क्लर्जी लिस्ट'. समजा नोंदीत 'डी. १८५२, पी. १८५३' असे आहे. म्हणजे १८५२ मध्ये डीकन (दीक्षेची पहिली पायरी), १८५३ मध्ये प्रीस्ट (पूर्ण पाद्री). डीकन होण्यासाठी साधारणपणे वयाची २३ वर्षे पुरी लागत, तेव्हा जन्म १८२९ किंवा त्याआधीचा. तारखांशेजारी दीक्षा देणाऱ्या बिशपच्या धर्मप्रांताचे नाव संक्षेपात असते. ते सोडू नका! दीक्षेच्या वेळी उमेदवाराने दिलेले बाप्तिस्म्याचे प्रमाणपत्र त्या धर्मप्रांताच्या दप्तरात, बहुधा इंग्लंडमधल्या काउंटीच्या अभिलेखागारात असते, आणि त्यावर आईवडिलांची नावे मिळतात. इतका थेट दुवा दुसऱ्या कुठल्या कागदात क्वचितच सापडतो.

केंब्रिज किंवा ऑक्सफर्डचे पदवीधर असतील तर दोन्ही विद्यापीठांच्या छापील विद्यार्थी-कोशांत बहुतेक वेळा वडिलांचे नाव मिळते. तिथे सापडले नाहीत म्हणून खचू नका. चर्च मिशनरी सोसायटीचे बरेच लोक लंडनमधल्या इझ्लिंग्टनच्या तिच्या कॉलेजात शिकून इकडे येत.

क्रॉकफर्डमधली माहिती पाद्री स्वतः पुरवत, त्यामुळे अडचणीची वर्षे गाळलेली असू शकतात. एकच आवृत्ती पाहू नका, चार-पाच वर्षांच्या अंतराने पाहत जा. नाव दिसेनासे झाले की मृत्यू त्या सुमाराचा असू शकतो. ते मायदेशी वारले असतील तर १८५८ पासूनच्या इंग्लंडच्या प्रोबेट सूचीत (न्यायालयाने मंजूर केलेल्या मृत्युपत्रांची यादी) मृत्यूची तारीख, गाव आणि मृत्युपत्र अमलात आणणाऱ्यांची नावे मिळतील. मात्र मागे मालमत्ता नसेल तर तिथे नोंद नसते.

प्रश्न : पुण्यातल्या चर्चमध्ये मूळ रजिस्टर पाहायला मिळेल का?
– एक वाचक, कोंढवा

उत्तर : विचारायला हरकत नाही, पण आधी चर्चचे वय पाहा. कॅम्पातले सेंट मेरीज १८२५ चे, पंचहौदचे पवित्र नाम देवालय १८८५ चे. उदाहरणार्थ, वरच्या प्रश्नातली १८६४ ची नोंद पंचहौदला शोधण्यात अर्थ नाही. योग्य चर्च ठरले की तिथल्या पाळकांना लेखी विनंती करा आणि नाव, वर्ष, कोणता विधी एवढेच नेमके लिहा. 'सगळी जुनी रजिस्टरे दाखवा' म्हटले की नकार येतो. लंडनच्या नकलेचे चित्र सोबत जोडा. नकलनविसाने आडनावाचे एखादे अक्षर चुकवले असेल, तर मूळ पान शेजारी ठेवल्यावरच ते कळते.